स्नोबोर्डवरून वेकबोर्डकडे: पहिला बोर्ड कुठला घ्यावा?

रानवारा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं स्नोबोर्डिंग करतोय. डावा पाय पुढे. पार्कमधले मध्यम किकर (उडी घ्यायचे चढ), बॉक्स (वरून घसरत जायच्या पेट्या), भुसभुशीत बर्फातल्या लांब उतरणी एवढं व्यवस्थित जमतं. बर्फ वितळला की पुढचे सगळे महिने नुसते वाट बघण्यात जातात, त्याचा आता कंटाळा आलाय. एका मित्राने बोट घेतली आहे आणि अधूनमधून केबल पार्कलाही (तिथे बोटीऐवजी खांबांवरची दोरी ओढते) जाणं होईल, म्हणून वेकबोर्ड, म्हणजे ओढलं जात पाण्यावर उभं राहायची फळी, घ्यायचं मनात आहे.

वजन ७८ किलो, उंची ५ फूट १० इंच. सध्याचा स्नोबोर्ड १५६ सेंमीचा, मऊसर, बाइंडिंगचे (बूट बोर्डला धरणाऱ्या पट्ट्यांचे) कोन +१५/-१५, म्हणजे दोन्ही पाय बाहेर वळलेले.

लांबी किती घ्यायची? १३० पासून १४६ पर्यंत सगळं दिसतंय. मला छोटा, हलका, खेळकर बोर्ड आवडतो, त्यामुळे १३४ कडे ओढा आहे. बर्फावरचे बूट आणि बाइंडिंग चालतील का? फिन (तळाची पाती) लावायचे की नाही? आणि 'कंटिन्युअस' नि 'थ्री-स्टेज' हे काय प्रकरण आहे? स्नोबोर्डमधला कॅम्बर-रॉकर (मधोमध वर उचललेला किंवा टोकांकडे वर वळलेला बाक) कळतो, पण इथे तर सगळेच बोर्ड केळ्यासारखे वाकलेले!

दोरीवाला

रानवारा, सगळ्यात आधी उलट प्रश्न: बोटीमागे जास्त जाणार की केबलवर? लांबी, रंग, कंपनी हे सगळं त्यानंतर. स्नोबोर्डवरून येणारे बहुतेक लोक हा प्रश्न सोडून लांबीवर अडतात, कारण बर्फावर एक मधल्या स्वभावाचा बोर्ड घेतला की तो डोंगरभर चालतो. इथे तसं नाही. बोटीचा बोर्ड आणि केबलचा बोर्ड बनवतानाच वेगळे असतात.

बोटीच्या बोर्डात बहुधा फोमचा गाभा असतो. बोर्ड ताठ, कडा त्यामानाने धारदार, तळाला फिन लावायची सोय. उडी बोटीने कापलेल्या लाटेवरून, म्हणजे वेकवरून घ्यायची असते. तिथे बोर्ड वाकला तर लाटेने दिलेला जोर त्या वाकण्यातच जिरतो, म्हणून ताठपणा.

केबलवर लाट नसतेच. पाण्यात रेल (घसरत जायचे दांडे), बॉक्स, किकर मांडलेले असतात आणि त्यांवरून घासत जायचं असतं. म्हणून केबलच्या बोर्डात बऱ्याचदा लाकडी गाभा, थोडी लवचीकता आणि घासणं सोसणारा कठीण तळ असतो, साधारण स्नोबोर्डच्या तळाच्या जातीचा. बोटीचा पातळ तळाचा बोर्ड रेलवर नेलात तर थोड्याच दिवसांत तळ सोलून निघेल, आत पाणी शिरेल आणि बोर्ड जड होत होत कामातून जाईल. उलट केबलचा बोर्ड बोटीमागे चालतो. लाटेवरून थोडा कमी उडेल, एवढंच.

लांबीचं म्हणाल तर ७८ किलोला १३४ नको. १३९ ते १४२ बघा.

चिकूपिकू

माझा बाळबोध प्रश्न. स्नोबोर्डच बोटीमागे बांधला तर? लोकांचे तसले व्हिडिओ पाहिलेत.

दोरीवाला

चिकूपिकू, ओढला जाईल हो, पण का म्हणून? स्नोबोर्डची लोखंडी कड गंजते. एकदा कुठे फट पडली की लाकडी गाभा पाणी पितो. मधली रुंदी २५ सेंमीच्या आसपास. वेकबोर्ड मध्यावर त्याच्या दीडपटीहून रुंद, साधारण ४२-४४ सेंमी. अरुंद फळीला पाण्यावर उचलून धरायला जास्त वेग लागतो, आणि तोवर तुमचे हात खांद्यातून निघायची वेळ येते. पण खरा धोका बुटांचा. स्नोबोर्डचे बूट पाण्याने भरतात, बाइंडिंग आपोआप सुटत नाही आणि पाण्यात उलटे पडल्यावर ते पट्टे सोडवत बसायचं. नकोच.

रानवारा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं.

मधलीधार

लांबीबद्दल दोरीवाला यांच्याशी सहमत, पण कारण सांगायला हवं, नाहीतर रानवारा यांचा हात दुकानात १३४ वरच जाणार.

स्नोबोर्ड छोटा घेतला की वळवायला सोपा, फिरवायला सोपा. तिथे तुमचं वजन जमीन पेलते. पाण्यात तुम्हाला पेलते ती फक्त बोर्डाखालची जागा आणि वेग. बोर्ड छोटा की पाण्यातून वर यायला जास्त ओढ लागते, सरळ जाताना तो खोल बसतो आणि उडीनंतर उतरताना पाण्यात घुसतो. मोठा बोर्ड लवकर पाण्यावर येतो आणि लँडिंगला वरच राहतो. हवेत फिरवायला थोडा जड जातो, पण तुमची पहिली गिरकी यायला अजून अवकाश आहे. उंचीकडे बघूच नका, वजन बघा. रोनिक्स, हायपरलाइट, लिक्विड फोर्स, प्रत्येक कंपनीचा वजनाचा तक्ता थोडा वेगळा असतो आणि तो एका मॉडेलवरून दुसऱ्यावर जसाच्या तसा लागू होत नाही. दोन मापांच्या मध्ये आलात तर मोठं घ्या. केबलवाले तर बहुधा दोन-तीन सेंमी जास्तच घेतात.

आता रॉकर. तुमचा कॅम्बर-रॉकरचा हिशोब इथे विसरा. स्नोबोर्डचा कॅम्बर तुमच्या वजनाने दाबला जाऊन कड बर्फात रुतवतो. पाण्यात रुतायला कठीण असं काही नाहीच, त्यामुळे वेकबोर्डात कॅम्बर नसतो. टोकं कायम वर. प्रश्न इतकाच की ती वर कशी जातात.

कंटिन्युअसमध्ये एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत एकच सलग कमान असते. पाणी तळाखालून न अडता सरकतं, बोर्ड वेग धरतो, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाणं गुळगुळीत. लाटेवरून तुम्ही जितकं रेटाल तितकंच तो उडवतो, आणि कसा वागेल ते आधी कळतं. थ्री-स्टेजमध्ये मधला भाग जवळजवळ सपाट आणि दोन्ही टोकं तिथून एकदम वर मोडलेली. लाटेच्या माथ्यावर तो मोड पाण्यावर आदळतो आणि तुम्हाला सरळ वर फेकतो. उंची मिळते, पण बोर्ड पाणी ढकलत चालतो म्हणून थोडा मंद, आणि लँडिंग गुडघ्यांना कळतं. या दोहोंच्या मधलेही मिळतात, हायब्रिड म्हणून.

स्नोबोर्डवाल्याला माझं मत नि:संशय कंटिन्युअस. तुम्हाला एका कडेवरून दुसरीवर वाहत जायची सवय आहे आणि हा बोर्ड ती सवय फुकट जाऊ देत नाही.

रानवारा

दोघांनाही धन्यवाद. १३४ डोक्यातून काढला. सुरुवातीला बोट सत्तर टक्के, केबल तीस असं होईल. पण मला खरी ओढ रेलची आहे, हेही सांगून ठेवतो. वळण्याबद्दल एक विचारू का? स्नोबोर्डची कमरेतली खाच आपोआप वळण देते. वेकबोर्डची बाह्यरेषा तर बाहेर फुगलेली दिसते. मग वळायचं कसं?

उलटीउडी

हा प्रश्न विचारणारा स्नोबोर्डर लवकर शिकतो. :)

बरोबर पाहिलंत, साइडकट, म्हणजे ती कमरेतली खाच, इथे नाहीच. वेकबोर्ड मधोमध रुंद आणि टोकांकडे निमुळता. टाचेवर किंवा चवड्यावर झुकलात की ती कड पाण्यात बसते आणि दोरीच्या ओढीविरुद्ध तुम्हाला बाजूला नेते. म्हणजे वळण असं नसतंच, लांबच लांब तिरपी रेघ असते. बर्फावर आपण टाच-चवडा-टाच असं एकसारखं बदलत उतरतो. इथे एकाच कडेवर बरंच अंतर धरून राहावं लागतं. पोटऱ्या आणि पाठ पहिल्या दिवशी बोंबलतात ती त्यामुळे.

सगळ्यात मोठा फरक म्हणजे ओढ कुठून येते. डोंगरावर ती उतारातून येते, म्हणून तुम्ही पुढच्या पायावर वजन देऊन उताराकडे तोंड करता. पाण्यात ओढ हातातून येते. पुढच्या पायावर गेलात की टोक पाण्यात शिरतं आणि तोंडावर आपटता. वजन किंचित मागे ठेवायचं. खोल भुसभुशीत बर्फात ठेवता तसं, मात्र तितकं मागे नाही. केबलवर ओढ उंचावरून येते, तिथे जवळजवळ मध्यावर उभं राहिलं तरी चालतं.

दुसरी खोड खांद्यांची. ओढ लागली की छाती बोटीकडे वळते आणि बोर्डही तिच्या मागे सपाट होतो. हँडल पुढच्या कुल्ल्यापाशी, खाली, हात लांब. हात दुमडून हँडल छातीशी ओढलंत की दोरी सैल पडते, मग झटका बसतो, मग पाणी नाकात.

आणि किकरवाल्यांसाठी खास. बर्फावरच्या किकरवर आपण बोर्ड सपाट ठेवून ओठावरून, म्हणजे किकरच्या वरच्या काठावरून, निघतो. बोटीच्या लाटेवर तसं केलंत तर लाट तुम्हाला नुसती टेकडीसारखी ओलांडू देईल. लांबून हळूहळू कडेवर जोर वाढवत यायचं आणि माथ्यावरून सुटेपर्यंत कड सोडायची नाही. हे अंगी भिनायला वेळ लागतो, कारण डोकं सारखं म्हणतं की आता सपाट कर.

भरतीओहोटी

फिनचा प्रश्न सगळ्यांनी शिताफीने टाळला. :) माझं म्हणणं, स्नोबोर्डवाल्याने फिन लावूच नयेत. कड सांभाळायची अक्कल आधीच आहे. फिन लावून शिकलं की फिनच्या भरवशावर राहायची सवय लागते, आणि रेलवर तर ते अडकतातच.

दोरीवाला

भरतीओहोटी, रेलपुरतं शंभर टक्के मान्य. फिन लावून रेलवर गेलात तर फिन मोडेल, नाहीतर तुम्ही. पण बोटीमागे असहमत. स्नोबोर्डरची अक्कल लोखंडी कडेवर शिकलेली आहे. ती कड कडक बर्फातही धरते. वेकबोर्डची कड धरते ती फक्त झुकून राहिलात तर. सपाट झालात, म्हणजे उठून उभं राहिल्यावर पहिल्या क्षणी सगळे होतात तसे, की बिनफिनचा बोर्ड बाजूला निसटतो. दोन्ही टोकांना एकेक आखूड फिन असले की तो सरळ राहतो.

भरतीओहोटी

निसटू दे की! स्नोबोर्डरला निसटणं माहीत असतं. उलट फिन असलेला बोर्ड आडवा करायला गेलं की तो अचानक धरतो आणि माणूस उलटा. हे खोल फिनवर जास्त होतं, पण होतं.

मधलीधार

यात मध्यम मार्ग आहे, भांडू नका. काढता-घालता येणारे फिन असलेला बोर्ड घ्या. साच्यातच ओतलेले पक्के फिन असलेला घेऊ नका. बोटीमागे आखूड फिन लावून सुरू करा, लाट ओलांडता यायला लागली की काढून बघा. केबलला जाताना घरीच काढून ठेवा. आणि तळाला लांबट खाचा असलेला बोर्ड मिळाला तर उत्तम. त्या खाचा सरळ जाताना पाणी धरतात आणि फिनची उणीव थोडी भरून काढतात.

भरतीओहोटी

ठीक. पण शेवटी ते काढतीलच, लिहून ठेवा.

पाणकावळा

थोडं अवांतर, पण मुद्द्याला धरून. पाण्यात पडून राहून उठायला जमेल का, अशी भीती नवख्यांना असते. पूर्वी ती रास्त होती. १९८५ मध्ये अमेरिकेत टोनी फिन यांनी आणलेला स्कर्फर हा सर्फबोर्डच्या वळणाचा आणि फार तरंगणारा होता. खोल पाण्यात तो पायांखाली दाबून धरणं हीच कसरत होती. पुढे १९९० च्या सुमारास हर्ब ओब्रायन यांचा हायपरलाइट आला. तो ना बुडणारा ना उसळणारा, त्यामुळे पाण्याखाली धरून ठेवता यायला लागला. मग दोन्ही टोकं सारखी असलेले बोर्ड आले आणि खेळ आपल्याला ओळखीचा वाटेल असा झाला. केबलची कहाणी याहून जुनी. जर्मन अभियंते ब्रूनो रिक्सन यांनी खांबांवरून फिरणारी दोरी मुळात वॉटर स्कीसाठी काढली होती.

उठण्याची युक्ती एकच: उठू नका. गुडघे छातीशी, हात गुडघ्यांच्या बाहेरून सरळ, बोर्ड ओढीला आडवा, टाचा कुल्ल्यांजवळ. बोट ओढते, बोर्ड पायाखाली येतो, तोवर उकिडवेच राहायचं. नंतर पुढचा पाय हळू बोटीकडे वळवायचा. स्नोबोर्डर लोक ताकदीने उभे राहायला बघतात, कारण बर्फावर बसलेल्याला तसंच उठावं लागतं.

रानवारा

हे भारी आहे. बुटांचं राहिलं. माझा स्नोबोर्डचा बूट मापाचा आहे, वेकचा त्याच नंबरचा घेऊ का? आणि कोन +१५/-१५ तसेच ठेवू?

उलटीउडी

कोन: पहिल्या दिवशी पुढचा +१५, मागचा ० ते -६. पाय खांद्याइतके किंवा थोडे जास्त फाकवून, आणि दोन्ही बाइंडिंग मधल्या खुणेपासून एखादं भोक मागे. दोन्ही बाजूंना आरामात जायला लागलात की मध्यावर आणा, कोन +९/-९ च्या आसपास सममित करा. जे लोक बर्फावर दोन्ही पाय पुढे वळवून ठेवतात, +३०/+१५ वगैरे, त्यांनी मात्र ते घरी ठेवावं. पाण्यात त्याने छाती उघडी पडते.

बुटांचा नंबर तोच असेल असं धरू नका. वेकचा बूट जाड मोज्याशिवाय, अनवाणी पायाला घट्ट बसायला हवा. कोरड्या दुकानात सैल वाटला तर पाण्यात तो निसटणारच. बोटं बंद असलेला बूट नेमका आणि थंड पाण्यात ऊबदार, पण एकाच मापाच्या पायाला. बोटं उघडी असलेला थोड्या वेगवेगळ्या मापांना चालतो. बोट मित्राची आणि बोर्ड सगळे वापरणार असतील तर उघड्या बोटांचाच घ्या. आत जायला साबणाचं पाणी लावा.

एक गोष्ट गंभीरपणे. दोन्ही बूट सारखेच आवळा. पडल्यावर एक पाय सुटला आणि दुसरा अडकून राहिला तर बोर्ड त्या एका पायाला पिळतो. गुडघा आणि घोटा तिथेच जातात.

चिकूपिकू

मी स्नोबोर्डचं हेल्मेट वापरलं तर चालेल ना? ते तरी?

पाणकावळा

चिकूपिकू, तुम्ही पण ना. :) नाही. बर्फाच्या हेल्मेटचं मानक ईएन १०७७, पाण्याच्या खेळांसाठी ईएन १३८५. बर्फाच्या हेल्मेटचं अस्तर पाणी धरतं. केबल पार्कात हेल्मेट बहुतेक ठिकाणी सक्तीचंच असतं. कान झाकणारं घ्या. कानावर सपाट आपटलं की पडदा फाटू शकतो.

जॅकेटबद्दलही. 'इम्पॅक्ट व्हेस्ट' म्हणून जे पातळ, देखणं मिळतं ते मार बसू नये म्हणून असतं, त्यातल्या पुष्कळांना तरंगवून ठेवण्याचं प्रमाणपत्र नसतं. बोटीमागे प्रमाणित तरंगणारं जॅकेट हवं. युरोपीय मानकात ५० न्यूटनचं, म्हणजे आयएसओ १२४०२-५. तेसुद्धा बेशुद्ध माणसाचं तोंड वर करत नाही. म्हणून बोटीत चालकाशिवाय फक्त मागे बघणारा एक जण हवाच. खुणा आधी ठरवा: अंगठा वर म्हणजे वेग वाढव, खाली म्हणजे कमी कर, गळ्यावरून हात म्हणजे थांब. पडल्यावर सगळ्यात आधी हँडल सोडायचं. दोरी हाताला कधीच गुंडाळायची नाही. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर बसायचं नाही, तिथे धुरातला कार्बन मोनॉक्साइड साचतो.

रानवारा

वापरलेला बोर्ड मिळतोय एक, १४१, कंटिन्युअस, बिनचिरेचा म्हणतायत. काय बघू?

मधलीधार

बाइंडिंग काढायला लावा. नाही म्हणाले तर सोडून द्या. प्रत्येक स्क्रूच्या भोकात, म्हणजे आतल्या धातूच्या आट्यांत, स्क्रू हाताने फिरतो का बघा. भोवती बारीक गोल भेग असेल तर नको. कडेवरून बोट फिरवा. वरचा थर आणि तळ यांच्यात नख शिरलं तर पाणीही शिरलेलं असतं. दाबल्यावर कुठे भुसभुशीत लागतो का, हलवल्यावर आत काही खळखळतं का, तेही पाहा. तापलेल्या गाडीत उन्हाळाभर ठेवलेले बोर्ड असे सुटतात. बाइंडिंगचं रबर वाळून तडकलं असेल तर नव्या बाइंडिंगचा खर्च धरूनच भाव ठरवा. आणि तळ नीट बघा. रेलचा बोर्ड म्हणून विकत असतील तर ओरखडे असायलाच हवेत. खोल चरा असेल आणि आतलं लाकूड किंवा फोम दिसत असेल, तर नको.

रानवारा

पाहून आलो. आट्या ठीक, कडा ठीक, फिन काढता येतात. पण तळ रेलचा नाही. म्हणजे बोटीसाठी हा आणि केबलला तिथलाच भाड्याचा, असं करू?

दोरीवाला

तेच करा. पहिले काही महिने रेलवर भाड्याचे बोर्ड घासू देत. तुम्हाला किती लवचीक आवडतो तेही त्यातच कळेल आणि केबलचा बोर्ड घ्यायची वेळ आली की डोळे झाकून घ्यावा लागणार नाही. केबलला पहिल्यांदा जाल तेव्हा दोन खांबांची केबल शोधा. तिथे चालक वेग तुमच्यापुरता कमी करतो आणि पडलात की दोरी तुमच्यापर्यंत परत आणतो. मोठ्या गोल केबलवर पडलं की पोहून काठाला या, चालत सुरुवातीच्या धक्क्यावर जा, रांगेत उभे राहा. शिवाय वेग साधारण ३० किमीचा ठरलेला, आणि कोपऱ्याच्या खांबापाशी दोरी सैल पडून झटका देते.

बोटीवाल्या मित्राला सांगा, सुरुवातीला ताशी २५ ते ३० किमी पुरे, दोरी १५-१७ मीटर. बोटीजवळ लाट अरुंद असते, ओलांडायला सोपी. हात बसला की दोरी लांबवा आणि वेग त्याबरोबर वाढवा. दोरी न ताणणारी घ्या. वॉटर स्कीची किंवा रबरी ट्यूब ओढायची ताणणारी दोरी लाटेच्या माथ्यावर नेमकी दगा देते.

उलटीउडी

आणि चवड्याकडची बाजू पहिल्या दिवसापासून करा. दोरीला टेकून टाचेवर रेलणं फार सोपं वाटतं, म्हणून लोक तेवढंच करत राहतात. चवड्यावर जाताना पाठ बोटीकडे जाते, हँडल मागे खेचलं जातं आणि बर्फावरची तुमची चांगली चवड्याची कड अचानक नवशिकी वाटते. दोन्ही हात हँडलवर, हँडल पुढच्या कुल्ल्याशी, गुडघे पुढे.

भरतीओहोटी

फिन कधी काढले ते इथेच कळवा.

रानवारा

कळवतो. :) १४१ घेतला. आखूड फिन लावले आहेत, कोन +१५/-३, एक भोक मागे.

मधलीधार

पहिल्या फेरीनंतर बोट थांबवून बाइंडिंगचे स्क्रू एकदा परत आवळा. पाण्यात गेल्यावर ते हमखास ढिले होतात. पेचकस बोटीतच ठेवा, आणि दोन-चार जादा स्क्रू.